आर्गॉन पोटॅशियमपेक्षा जड का?

कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असताना दरवर्षी जून-जुलैमध्ये मी आवर्तसारणीचा मोठा तक्ता फळ्याशेजारी टांगत असे. एका वर्षी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने तो बराच वेळ निरखून पाहिला आणि विचारले, "मॅडम, आर्गॉनच्या चौकटीत ३९.९५ लिहिलंय आणि त्याच्या पुढच्या पोटॅशियमच्या चौकटीत ३९.१०. पुढचं मूलद्रव्य हलकं कसं?" मी तिला सांगितले की हा अपवाद आहे, आधुनिक आवर्तसारणी अणुअंकावर, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांच्या संख्येवर, आधारलेली असल्यामुळे या अपवादाने काही बिघडत नाही. उत्तर चुकीचे नव्हते आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. पण तिने विचारले होते 'का', आणि मी सांगितले होते 'चालते'. या दोहोंतले अंतर मला पुढे अनेक वर्षे जाणवत राहिले. तिला तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर आज इथे सविस्तर लिहीत आहे.

आर्गॉनचा शोधच मुळी वजनातल्या फरकातून लागला. हवेतून ऑक्सिजन, बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड काढून टाकल्यावर उरणारा नायट्रोजन आणि अमोनियासारख्या संयुगापासून तयार केलेला नायट्रोजन यांची घनता लॉर्ड रॅले यांनी काटेकोरपणे मोजली, तेव्हा हवेतला नायट्रोजन दर लिटरमागे सुमारे अर्धा टक्का जड भरला. दुसऱ्या कोणी हा प्रयोगातला दोष मानून सोडून दिला असता. रॅले यांनी तो सोडला नाही, विल्यम रॅम्झी यांनी त्यांना साथ दिली, आणि १८९४ मध्ये हवेत एक टक्क्याच्या आसपास असणारा, कशाशीही संयोग न पावणारा नवा वायू त्या दोघांनी जाहीर केला. ग्रीक भाषेतल्या 'निष्क्रिय' या अर्थाच्या शब्दावरून त्याला आर्गॉन हे नाव मिळाले. मात्र त्याचे अणुवस्तुमान ४० च्या जवळ येत होते आणि आवर्तसारणीत ३९ च्या पोटॅशियमनंतर व ४० च्या कॅल्शियमपूर्वी अशा वायूसाठी जागाच नव्हती. खुद्द मेंडेलीव्ह यांना हे मूलद्रव्य मान्य होईना, हा तीन अणूंचा नायट्रोजन असावा असे त्यांनी सुचवले. पुढे हेलियम, निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन सापडले, राजवायूंचा एक संपूर्ण गणच तयार झाला आणि गुणधर्मांवरून आर्गॉनला पोटॅशियमच्या आधी बसवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. वजन मात्र उलटेच राहिले.

यानंतरची हकिकत पाठ्यपुस्तकांत आढळते. १९१३ मध्ये हेन्री मोझली यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले की मूलद्रव्याची जागा वजनावर नव्हे, तर केंद्रकातल्या धन प्रभारावर ठरते. आर्गॉनचा प्रभार १८ आणि पोटॅशियमचा १९, त्यामुळे क्रम निश्चित झाला. त्याच वर्षी फ्रेडरिक सॉडी यांनी 'आयसोटोप' हा शब्द प्रचारात आणला. तो त्यांना सुचवला होता मार्गारेट टॉड या स्कॉटिश डॉक्टर आणि लेखिका असलेल्या स्नेही बाईंनी. 'आयसो' म्हणजे सम आणि 'टोपोस' म्हणजे स्थान. मराठीत आपण ज्याला समस्थानिक म्हणतो तो शब्द याच अर्थावर घडवलेला आहे, आणि मला तो मूळ शब्दाहूनही अधिक पारदर्शक वाटतो: आवर्तसारणीत ज्यांचे स्थान समान, ते समस्थानिक. स्थान समान कारण प्रोटॉन समान, वजन वेगळे कारण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी. १९१९ पासून फ्रान्सिस ॲस्टन यांनी आपल्या वस्तुमान-वर्णपटलेखकाने एकामागून एक मूलद्रव्यांचे समस्थानिक वेगळे करून दाखवले, आणि तक्त्यातला अपूर्णांक असलेला आकडा हा समस्थानिकांच्या वस्तुमानांची त्यांच्या प्रमाणानुसार काढलेली सरासरी असते, हे स्पष्ट झाले.

त्या मुलीला मी निदान इथपर्यंत तरी आणायला हवे होते. नैसर्गिक पोटॅशियममध्ये ९३.२६ टक्के पोटॅशियम-३९ (३९ ही प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) आणि ६.७३ टक्के पोटॅशियम-४१ असते, म्हणून सरासरी ३९.१० येते. आर्गॉनमध्ये आर्गॉन-३६ आणि आर्गॉन-३८ नाममात्र असतात, ९९.६ टक्के वाटा एकट्या आर्गॉन-४० चा असतो, म्हणून सरासरी ३९.९५ येते. बहुतेक पुस्तके इथे थांबतात. पण यामुळे प्रश्न सुटत नाही, तो एक पायरी मागे सरकतो. आर्गॉन-४० इतका का? सूर्यात आणि इतर ताऱ्यांत पाहिले तर आर्गॉनचा मुख्य समस्थानिक ३६ हा आहे आणि ४० तिथे जवळजवळ नसतोच. विश्वात निऑन आर्गॉनपेक्षा कितीतरी अधिक आहे, पण पृथ्वीच्या हवेत आर्गॉन निऑनच्या सुमारे ५०० पट आहे. हा जादा आर्गॉन पृथ्वीवर आला कुठून, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर शेजारच्याच चौकटीत आहे. वरील टक्केवारीची बेरीज पाहिली तर पोटॅशियममध्ये थोडी जागा उरते. ०.०११७ टक्के, म्हणजे दर दहा हजार अणूंमध्ये साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा असतो. पोटॅशियम किंचित किरणोत्सारी आहे हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच लक्षात आले होते, पण त्याला जबाबदार असणारा हा दुर्मीळ समस्थानिक आल्फ्रेड नीर यांनी १९३५ मध्ये शोधून काढला. तो एवढा विरळ आहे की तक्त्यातल्या सरासरीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, आणि तरीही या लेखाचा सगळा विषय तोच आहे.

पोटॅशियम-४० अस्थिर का, याचे कारण मला शिकवण्याच्या काळात नीट ठाऊक नव्हते आणि नंतर समजले तेव्हा फार आनंद झाला. केंद्रकात प्रोटॉन प्रोटॉनाशी आणि न्यूट्रॉन न्यूट्रॉनाशी जोडी करून राहतात, आणि अशी जोडी जमली की केंद्रकाची ऊर्जा थोडी उतरते. पोटॅशियम-४० मध्ये १९ प्रोटॉन आणि २१ न्यूट्रॉन आहेत. दोन्ही संख्या विषम, म्हणजे एक प्रोटॉन एकटा आणि एक न्यूट्रॉन एकटा. अशी दोन्हीकडून विषम असलेली केंद्रके निसर्गात क्वचितच टिकतात. हलक्या मूलद्रव्यांत ड्युटेरियम, लिथियम-६, बोरॉन-१० आणि आपल्या हवेतला नायट्रोजन-१४ एवढी चारच खरोखर स्थिर आहेत. पोटॅशियम-४० च्या दोन्ही बाजूंना मात्र ४० याच वस्तुमानांकाची दोन सुस्थित केंद्रके आहेत. एका बाजूला १८ प्रोटॉन व २२ न्यूट्रॉनांचा आर्गॉन-४०, दुसऱ्या बाजूला २० आणि २० अशा भक्कम बांधणीचा कॅल्शियम-४०. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेले पाणी जसे एका अंगाने सावित्रीत उतरून कोकणात जाते आणि दुसऱ्या अंगाने कृष्णेत मिसळून देशावर येते, तसे पोटॅशियम-४० ला दोन्ही उतार खुले आहेत. शंभरातले सुमारे ८९ अणू एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकून कॅल्शियम होतात. उरलेल्या सुमारे ११ अणूंत केंद्रक आपल्याच कक्षेतला एक इलेक्ट्रॉन आत ओढून घेते, एका प्रोटॉनाचा न्यूट्रॉन होतो, आणि त्यानंतर १.४६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा एक गॅमा किरण सोडून आर्गॉन-४० तयार होतो.

उतार खुले असूनही हे पाणी अतिशय सावकाश वाहते, आणि त्याचेही कारण आहे. पोटॅशियम-४० च्या केंद्रकाचे स्पिन, म्हणजे त्याच्या अंगभूत भ्रमणाचे माप, ४ आहे, दोन्ही शेजाऱ्यांचे शून्य. स्पिनमध्ये इतका फरक पडत असेल तर क्षयाची, म्हणजे एका केंद्रकाचे दुसऱ्यात रूपांतर होण्याची, शक्यता कमालीची घटते. म्हणून त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्म्या अणूंचा क्षय व्हायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षे आहे. तो काही कोटी वर्षांचा असता, तर सूर्यमाला जन्मण्यापूर्वीच्या ताऱ्यांत घडलेला हा समस्थानिक आज आपल्याला दिसलाच नसता. पृथ्वी घडली तेव्हा तो आजच्या सुमारे बारापट होता.

स्थिर आणि किरणोत्सारी असे दोन वर्ग आपण वर्गात पाडतो, त्याबद्दलही इथेच लिहावेसे वाटते. ज्यांचा क्षय आजवर कोणी पाहिलेला नाही असे सुमारे अडीचशे केंद्रप्रकार आहेत. एकट्या कथिलाचे असे १० समस्थानिक आहेत, तर टेक्नेशियमचा एकही नाही. परंतु या दोन वर्गांमधली सीमा आपण किती बारकाईने आणि किती काळ पाहू शकतो यावर अवलंबून आहे. बिस्मथ-२०९ अनेक पिढ्यांनी सर्वांत जड स्थिर केंद्रक म्हणून पाठ केला. २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याचा क्षय प्रत्यक्ष नोंदवला, आणि त्याचा अर्धायुकाल विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहूनही अधिक निघाला. आयोडिनपेक्षा जड असलेले टेल्युरियम हे आवर्तसारणीतल्या उलट्या जोड्यांपैकी दुसरे प्रसिद्ध उदाहरण. त्याचे जे दोन समस्थानिक सर्वाधिक आढळतात, १२८ आणि १३०, तेही अतिशय मंद गतीने किरणोत्सारी आहेत, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळले. म्हणून 'स्थिर' या शब्दाचा अर्थ मी आता 'अद्याप क्षय न दिसलेला' असा घेते, आणि तसाच तो मुलांना सांगावा असे मला मनापासून वाटते.

आता आर्गॉनकडे परत येते. कार्ल फ्रीडरिश फॉन वायझेकर यांनी १९३७ मध्ये असा तर्क मांडला की हवेतल्या आर्गॉनचे हे अवाजवी प्रमाण पोटॅशियम-४० च्या क्षयातून आले असावे, आणि तसे असेल तर पोटॅशियमयुक्त जुन्या खनिजांत आर्गॉन-४० अडकलेला सापडला पाहिजे. १९४८ मध्ये ऑल्ड्रिच आणि नीर यांनी तो तसा शोधून दाखवला. आपण श्वासाबरोबर आत घेतो त्या हवेत ०.९३ टक्के आर्गॉन आहे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटींहून अधिक, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक अणू कधीकाळी खडकातला पोटॅशियमचा अणू होता. साडेचार अब्ज वर्षांत तो खडकांत तयार होत गेला आणि ज्वालामुखींवाटे व खडकांच्या झिजेतून हवेत साचत गेला. हा भाग वजा करून फक्त आर्गॉन-३६ आणि ३८ शिल्लक ठेवले, तर आर्गॉनचे अणुवस्तुमान ३६.३ च्या आसपास येते. क्लोरिन ३५.४५, आर्गॉन ३६.३, पोटॅशियम ३९.१०. मेंडेलीव्ह यांना हवा होता अगदी तसाच क्रम. रॅले आणि रॅम्झी यांच्या वेळी हवेतला आर्गॉन असा मूळ स्वरूपात असता, तर वाद झालाच नसता. ज्याला मी अपवाद म्हटले होते, तो पृथ्वीच्या वयाचा आणि तिच्या खडकांचा परिणाम होता.

निवृत्तीनंतर एका माजी विद्यार्थ्याने मला किरणोत्सार मोजणारा एक छोटा गायगर काउंटर आणून दिला. सातारा जिल्ह्यात माझ्या धाकट्या भावाची शेती आहे. उसाच्या लागणीसाठी त्याने म्युरेट ऑफ पोटॅश या पोटॅशियमयुक्त खताची पोती आणून पडवीत रचली होती. काउंटर पोत्यांजवळ नेला की टिकटिक स्पष्टपणे वाढत होती आणि अंगणात आणला की कमी होत होती. तीन-चारदा करून पाहिले, दर वेळी तसेच झाले. भावाने काळजीने विचारले, "ताई, मग ही पोती घराला लागून ठेवायची नाहीत का?" मी त्याला पोत्यावरच्या ०:०:६० या आकड्यावरून (६० टक्के पालाश, पण पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात धरलेले) हिशेब करून दाखवला. पन्नास किलोच्या पोत्यात शुद्ध पोटॅशियम साधारण २५ किलो. एका ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ केंद्रकांचा क्षय होतो, म्हणजे एका पोत्यात दर सेकंदाला साडेसात लाखांहून अधिक. आकडा ऐकून तो गप्प झाला, म्हणून लगेच दुसरा आकडाही सांगितला: त्याच्या स्वतःच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम आहे आणि त्यात दर सेकंदाला सुमारे ४,४०० केंद्रकांचा क्षय जन्मापासून चालूच आहे. यातून माणसाला वर्षाला मिळणारी किरणोत्साराची मात्रा ०.१७ मिलिसिव्हर्टच्या (हे त्या मात्रेचे एकक) जवळपास आहे, तर सर्व नैसर्गिक स्रोतांतून मिळणारी जागतिक सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट आहे. पोती हलवण्याची गरज नाही, हे त्याला पटले.

केळ्यात पोटॅशियम असते म्हणून केळे खाल्ल्याने शरीरातला किरणोत्सार वाढतो, हे विधान आजकाल फार फिरते. ते दिशाभूल करणारे आहे. आपली मूत्रपिंडे शरीरातले पोटॅशियम एका ठरावीक पातळीवर राखतात, जास्तीचे बाहेर टाकतात. ज्यांची मूत्रपिंडे नीट काम करीत नाहीत त्यांना पोटॅशियम जपून घ्यावे लागते, पण त्याचे कारण हृदयाच्या ठोक्यांशी निगडित असलेले रसायनशास्त्र आहे, किरणोत्सार नव्हे. शरीर पोटॅशियमच्या तिन्ही समस्थानिकांत भेद करीत नाही, कारण रासायनिक वर्तन ठरते इलेक्ट्रॉनांवर आणि तिघांचेही इलेक्ट्रॉन १९ च. समस्थानिक या संकल्पनेचे सगळे मर्म मला इथे दिसते.

भावाचे घर ज्या काळ्या कातळावर उभे आहे, त्याच्याशीही या आर्गॉनचा संबंध आहे. दख्खनचा बसाल्ट किती जुना, हे ठरवण्याचे प्रमुख साधन आर्गॉनच ठरले. लाव्हा वितळलेला असताना त्यातला आर्गॉन निसटून जातो. तो थिजला की नव्याने तयार होणारा आर्गॉन स्फटिकांत कोंडला जातो, आणि त्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. कॅल्शियमकडे जाणारे अणू संख्येने कितीतरी अधिक असूनही या कामी निरुपयोगी ठरतात, कारण साध्या कॅल्शियमचाही जवळजवळ ९७ टक्के भाग कॅल्शियम-४० च असतो आणि नव्याने आलेला अणू त्यात ओळखू येत नाही. निष्क्रिय आर्गॉन मात्र उठून दिसतो. तरीही काम किती नाजूक आहे, हे मी वहीवर मांडून पाहिले. एक किलो बसाल्टात ३ ग्रॅम पोटॅशियम धरले, तर ६ कोटी ६० लाख वर्षांत त्यात जमा होणारा आर्गॉन सामान्य तापमान-दाबाला एका मिलिलिटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरतो. त्यातला काही पावसापाण्याने कुजलेल्या खडकातून निसटतो, आणि हवेतला आर्गॉन त्यात शिरतो तो निराळाच. त्यामुळे जुनी मापने बरीच विखुरलेली होती. १९६६ मध्ये पुढे आलेल्या पद्धतीत नमुना अणुभट्टीत ठेवून न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्यातल्या काही पोटॅशियम-३९ चे आर्गॉन-३९ मध्ये रूपांतर करतात, म्हणजे पोटॅशियम आणि आर्गॉन वेगवेगळे मोजावे लागत नाहीत. एकाच वायूच्या दोन समस्थानिकांचे गुणोत्तर काढले की पुरते, आणि नमुना टप्प्याटप्प्याने तापवला तर आर्गॉन कुठून निसटला आहे तेही कळते.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना रस्त्यालगतच्या कड्यात काळ्या थरांच्या मधून तांबड्या मातीचे पट्टे दिसतात. भूवैज्ञानिकांनी लाव्हाच्या थरांच्या गटांना इथलीच नावे दिली आहेत: खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात वरचा थर कुजून हे तांबडे पट्टे तयार झाले, आणि त्यांतल्या काहींत सापडलेल्या झिर्कॉन या खनिजाच्या कणांतून युरेनियम-शिसे या दुसऱ्या घड्याळाने वय काढता आले. २०१९ मध्ये संशोधकांच्या एका गटाने आर्गॉनच्या घड्याळाने आणि दुसऱ्याने झिर्कॉनच्या घड्याळाने केलेली मापने एकाच वेळी प्रसिद्ध झाली. सह्याद्रीतला बहुतेक लाव्हा सुमारे दहा लाख वर्षांच्या आत, डायनासोर नष्ट झाले त्या काळाच्या आगेमागे ओतला गेला, यावर दोन्ही घड्याळांचे एकमत झाले. तो कोणकोणत्या झटक्यांत आला, याबाबत मात्र दोन्ही गटांचे मतभेद राहिले. दोन अगदी वेगळ्या मूलद्रव्यांचे क्षय एकाच कड्याचे वय इतक्या जवळपास सांगतात, ही गोष्ट मला या सगळ्यांत सर्वांत विश्वासार्ह वाटते.

हा आर्गॉन केवळ पृथ्वीवर नाही. चंद्राला वातावरण नसल्यासारखेच आहे, पण त्याच्या पृष्ठभागावर वायूचे जे अत्यंत विरळ आवरण आहे त्यात आर्गॉन-४० आहे, हे १९७२ च्या अपोलो-१७ ने तिथे ठेवलेल्या उपकरणाने दाखवले होते. आपल्या चांद्रयान-२ वरच्या 'चेस-२' या उपकरणाने हा आर्गॉन विषुववृत्तापासून दूरच्या अक्षांशांपर्यंत पसरलेला असल्याचे नोंदवले, आणि २०२२ मध्ये इस्रोने ते जाहीर केले. तिथेही तो खडकातल्या पोटॅशियमपासूनच तयार होतो, भेगांवाटे वर येतो, चंद्रावरच्या रात्रीच्या थंडीत जमिनीला चिकटून बसतो आणि सूर्य उगवला की पुन्हा मोकळा होतो.